क्वेकरांच्या सुरुवातीच्या पुस्तिका : कुठून सुरू करू?

पानगळ : मंडळी, सल्ला हवाय. क्वेकर म्हणजे सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधला बंडखोर ख्रिस्ती पंथ; त्याचा संस्थापक जॉर्ज फॉक्स, त्याचं 'जर्नल' (आत्मचरित्र) नुकतंच संपवलं. आवडलं, पण सगळं इस्त्री केल्यासारखं वाटलं. मला १६५०च्या दशकातली खरी भांडणं वाचायची आहेत : पुस्तिका, तिला उत्तर, त्या उत्तराला उत्तर. रॉबर्ट बार्कलेचं 'अपॉलॉजी', क्वेकर मताचं समर्थन करणारा ग्रंथ, दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. माझं वाचन रात्री जेवणं झाल्यावरचं, तेव्हा बेताचंच सुचवा.

जुनापुराणा : इस्त्री केलेलीच आहे ती! फॉक्स १६९१ मध्ये वारला, 'जर्नल' छापलं १६९४ मध्ये, थॉमस एलवुडने काटछाट करून. बार्कले तर मुळात लॅटिनमध्ये लिहिलेला, विद्वानांसाठी. तो राहू दे.

माझं ऐक, एकेकटी पुस्तिका वाचू नकोस, जोडीने वाच. बनियन विरुद्ध बरो घे. 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'वाल्या जॉन बनियनचं पहिलंवहिलं छापील पुस्तक, 'सम गॉस्पेल ट्रुथ्स ओपन्ड' (१६५६), क्वेकरांवरच तुटून पडलेलं आहे. त्याचं म्हणणं, जेरुसलेमबाहेर देहाने मेलेला ख्रिस्त सोडून हे लोक आतल्या प्रकाशाच्या गप्पा मारतात. एडवर्ड बरो या क्वेकराने त्याच वर्षी उत्तर छापलं : तो ख्रिस्त आम्ही कुठे नाकारला? पण त्याचा प्रकाश प्रत्येकाच्या अंतरात आहेच. १६५७ मध्ये पुन्हा एक फेरी. दोघेही तिशीच्या आतले, त्यामुळे भाषा तापलेली. बरो पुढे लंडनच्या न्यूगेट तुरुंगातच वारला.

सांजवारा : खंडन-मंडनाला +१, पण क्वेकर प्रचारक जेम्स नेलर वगळून कसं चालेल? ऑक्टोबर १६५६ मध्ये येशू जेरुसलेमात शिरला तसा तो ब्रिस्टलमध्ये घोड्यावरून शिरला, बायाबापड्या पुढे 'होली, होली' (पवित्र, पवित्र) गात होत्या. पार्लमेंटने त्याच्या जिभेला तापल्या सळईने भोक पाडलं, कपाळावर 'बी' डागला, ब्लास्फेमीचा, म्हणजे ईश्वरनिंदेचा. त्यानंतरची 'द लॅम्ब्ज वॉर' वाच. फॉक्सच्या गद्यापेक्षा मला नेलरचं केव्हाही सरस वाटतं. शिव्या आल्या तरी चालतील.

जुनापुराणा : शिव्या नाहीत, सहमत आहे. फॉक्सचं 'द ग्रेट मिस्टरी' (१६५९) मात्र सलग वाचायला घेऊ नये. शंभरावर विरोधी पुस्तकांना उत्तरं : त्यांचं एक वाक्य, खाली याचं उत्तर, पुन्हा वाक्य, पुन्हा उत्तर. चाळायला मजा येते.

खडीसाखर : आपल्याला सगळ्यात जवळचं वाटेल असं एक राहिलंच. 'अ बॅटल-डोर' (१६६०), फॉक्स, जॉन स्टब्ज आणि बेंजामिन फर्ली यांचं. क्वेकर न्यायाधीशालाही 'दाऊ' (एकवचनी 'तू') म्हणत, म्हणजे सरळ अरे-तुरे. एका माणसाला अनेकवचन लावणं म्हणजे खोटं बोलणं, हा मुद्दा पटवायला लॅटिन, हिब्रू, अरबी अशा कितीतरी भाषांचे दाखले दिलेत. इंग्रज वाचकाला आज हे समजावून घ्यावं लागतं. 'अहो'चं 'अरे' झाल्यावर काय होतं ते आपल्याला कुणी सांगायला नको.

पानगळ : हे भारी आहे! बायकांनी लिहिलेलं काही?

खडीसाखर : क्वेकरांमधली पुढारी मार्गारेट फेल, तिची 'विमेन्स स्पीकिंग जस्टिफाइड' (१६६६). लँकेस्टरच्या कैदेत असताना लिहिलेली, छोटीशी. बायकांनी सभेत गप्प बसावं या बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या वचनाला ती भिडते आणि विचारते, पुनरुत्थानाची बातमी आधी कुणी आणली? बायकांनीच ना?

सांजवारा : वाचायचं कुठे, तर 'ईईबीओ-टीसीपी' या जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या ऑनलाइन संग्रहावर बऱ्याच पुस्तिकांचा टाइप केलेला मजकूर फुकट आहे. मूळ पानांच्या स्कॅनवर त्या काळच्या छपाईतला लांब 'एस' हुबेहूब 'एफ'सारखा दिसतो. पहिले दोन दिवस मी 'सिन'ला 'फिन' वाचत होतो, पापाऐवजी माशाचे पर.

पानगळ : 😄 ठरलं. आज बनियन, उद्या बरो. नेलर शनिवारी, दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना.