साडेपाच हजाराची जुनी इलेक्ट्रिक गिटार: पिकअप बदलू का दिवाळीपर्यंत थांबून नवीनच घेऊ? (नागपूर) मदत हवी आहे

बर्डीचा_बेसूर

नमस्कार मंडळी. आधीच सांगून ठेवतो, लांबलचक लिहिणार आहे, कारण दुकानात दोन वाक्यांत सांगितलं की तिसऱ्या वाक्यात बिलच येते.

मी बारा-तेरा वर्षांपासून अकूस्टिक वाजवतो, म्हणजे घरी, गणपतीत, आणि ऑफिसच्या गॅदरिंगमध्ये कोणी धरून बसवलं तर. इलेक्ट्रिकची हौस कॉलेजपासूनची, पण तेव्हा पैसे नव्हते आणि पैसे आले तेव्हा सोबत ईएमआय पण आले. फेब्रुवारीत आमच्या गल्लीत पीजीवर राहणारा इंजिनिअरिंगचा एक पोरगा नोकरीसाठी पुण्याला चालला होता, त्याच्याकडून गिटार, १० वॉटचा अँप, फाटकी बॅग आणि एक केबल असं सगळं मिळून साडेपाच हजारात घेतलं. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटच्या आकाराची आहे, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन पकडून अँपला पाठवतात ते), पाच पोझिशनचा स्विच, ट्रेमोलो ब्रिज, म्हणजे दांडीनं हलणारा. हेडस्टॉकवरचं नाव कोणीतरी ब्लेडनं खरवडून टाकलंय त्यामुळे कंपनी कोणती ते देवालाच माहीत. पोरगा म्हणे "काका, स्क्वायरच समजा". समजलो. (स्क्वायर म्हणजे फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड.)

आता त्रास. पहिला म्हणजे अँप चालू केला की घूंऽऽऽ सुरू. बायको म्हणते कुकर शिट्टी मारायच्या आधी असाच गुरगुरते. तारांना हात लावला की बराच कमी होतो, काढला की परत. हॉलमध्ये जास्त, आतल्या खोलीत कमी. आणि गंमत म्हणजे स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या पोझिशनवर असला की जवळजवळ गायब! हे काहून होऊन राहिलं काही समजत नाही.

दुसरा, मोकळ्या तारा ट्यूनरवर एकदम हिरव्या, पण साधा ई मेजर धरला तरी जीची तार वर चढलेली वाजते, आणि एफ धरला तर घरातले सगळे माझ्याकडे पाहतात. पाचव्या-सातव्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) वर गेलं की मात्र बरंच बरं. ट्यून करताना चावी पिळली की तार आधी हलत नाही, मग "टिंग" आवाज करून एकदम उडी मारते. ट्रेमोलोची दांडी तर एकदा दाबली की त्या दिवसाची प्रॅक्टिस संपली असं समजायचं.

तिसरा त्रास एप्रिलपासूनचा. गिटार हॉलमध्ये भिंतीवर टांगलेली असते, आणि समोरच्या खिडकीत कूलर. दिवसभर घर बंद, म्हणजे भट्टीच, आणि संध्याकाळी आलो की कूलर लावतो, वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली गार हवा सरळ तिच्या अंगावर. रोज ट्यूनिंग हललेलं. नवीन टाकलेल्या तारा पंधरा दिवसांत काळ्या पडल्या. आणि आता मानेच्या कडेवरून बोट फिरवलं की फ्रेटची टोकं करवतीसारखी लागतात, फेब्रुवारीत असं नव्हतं हे शंभर टक्के सांगतो.

एका दुकानात दाखवली तर त्यानं गिटार न वाजवताच सांगितलं, "पिकअप फेका, अल्निकोचा सेट टाका, पॉट, स्विच, जॅक सगळं नवीन, आठ हजारात काम होते." (अल्निको म्हणजे पिकअपमधल्या चुंबकाची एक जात, पॉट म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचा भाग.) साडेपाचच्या गिटारला आठ हजार! दुसरा विचार असा की दिवाळीपर्यंत गप बसायचं आणि बोनस आला की यामाहा पॅसिफिका ११२व्ही किंवा स्क्वायरची अ‍ॅफिनिटी घ्यायची. पण तोपर्यंत हिचं काय करू? जाणकारांनी सांगा, आणि नागपुरात सेटअप चांगला कोण करून देतो तेही सांगा.

लाकडीबुवा

भाऊ, ते आठ हजार सध्या खिशातच राहू द्या.

तुमच्या तीन तक्रारींत पिकअपशी संबंध असलेली एकच, ती घूं. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार, ती गिटारच्या तारेचं कंपन पकडते तशीच घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची भुणभुण पण पकडते. दुसऱ्या-चौथ्या पोझिशनला दोन पिकअप एकत्र वाजतात, आणि मधल्या पिकअपचं वेटोळं आणि चुंबक दोन्ही उलटे बसवलेले असतात, त्यामुळे भुणभुण एकमेकींना मारते आणि सुराची मात्र बेरीज होते. तुमच्या गिटारमध्ये ही सोय आहे म्हणजे ज्यानं बनवली त्यानं अगदीच डोळे मिटून नाही बनवली. हमबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचा पिकअप, याच तत्त्वावर चालतो, गिब्सनमध्ये सेथ लव्हरनं १९५५ साली बनवला तो. आता तुम्ही आठ हजाराचा अल्निको सेट टाकला तरी तो सिंगल कॉइलच ना? सूर बदलेल, कदाचित छान होईल, पण घूं तशीच राहील, आणि मग तुम्ही इथे दुसरा धागा काढाल.

हॉलमध्ये पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, ट्यूबलाइटचा चोक, इन्व्हर्टर, मोबाइलचा चार्जर, एकेक बंद करून पाहा. उभं राहायची दिशा बदला, एका कोनात आवाज पडतो. अँपपासून दोन-तीन हात लांब बसा. फुकटात निम्मं काम होते.

एफ बेसूर लागतो त्याचं कारण नट, हेडस्टॉकपाशी तारा जिच्यातून जातात ती पांढरी पट्टी. स्वस्त गिटारांत तिच्या खाचा वर-वरच कापलेल्या असतात, पुढे खोल करायचा वेळ कारखान्यात कोण देणार. खाच उंच असली की पहिल्या फ्रेटवर तार दाबताना ती जास्त ताणली जाते आणि सूर चढतो, वरच्या फ्रेटला फरक कमी. टेस्ट करा: तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या धातूच्या पट्टीच्या मध्ये, तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट दिसते ते पाहा. केसाएवढी पाहिजे, टिचकी मारली की हलकंसं टिक वाजलं पाहिजे. आरामात कागदाची घडी जात असेल तर खाच उंच. आणि ते "टिंग" म्हणजे तार खाचेत अडकते आणि सुटते. तार सैल करून खाचेत साध्या पेन्सिलचं टोक घासा, त्यातली ग्रॅफाइटची पूड वंगणाचं काम करते.

सोल्डरवाली

बुवांशी सहमत, फक्त एक आधी. दादा, तारांना हात लावल्यावर आवाज कमी होतो हे ठीक आहे, म्हणजे ब्रिजला अर्थची वायर जोडलेली आहे. पण कधी हाताला झिणझिण्या येतात का? येत असतील तर वाजवणं तिथेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनकडून बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट असतो पण तिसऱ्या भोकात मागून काहीच जोडलेलं नसतं, मी माझ्याच माहेरी पाहिलंय. अँपच्या प्लगचा वरचा पिन कोणी तोडला असेल तर प्लग बदला, पन्नास-शंभराचं काम.

आणि दुकानदारानं "पॉट, स्विच सगळं नवीन" म्हटलं त्यात एक मेख आहे. स्वस्त गिटारांत बहुतेक छोटे पॉट असतात, दांडीचं भोक साधारण ७ मिमी. मोठे अमेरिकन साइजचे पॉट घेतले तर भोक साडेनऊच्या आसपास लागते, म्हणजे पिकगार्डात ड्रिल. बॉडी पातळ असेल तर खाली खोली पण पुरत नाही. घ्यायचेच तर आधी मोजा, आणि सिंगल कॉइलला २५० के घ्या, ५०० के हमबकरवाल्यांना. पण तुमचे पॉट फिरवताना खरखरतात का ते तर तुम्ही लिहिलंच नाही! खरखर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस-पंचवीस वेळा फिरवणं, संपला विषय.

तांब्याची चिकटपट्टी आतून लावायचा सल्ला कोणीतरी देणारच आहे म्हणून सांगून ठेवते, त्यानं किरकिर कमी होते, ती खालची जाड भुणभुण नाही जात.

तर्री_जास्त

मले गिटारचं काही नाही समजत भाऊ पण तो पोरगा "स्क्वायरच समजा" म्हणून गेला ना, तसंच आमच्याकडे कस्तुरचंद पार्कच्या बाजूला पोहेवाला "तर्री तिखट नाही समजा" म्हणते. चालू द्या.

लाकडीबुवा

😂 हाव.

ट्रेमोलो राहिला. मागचं झाकण उघडा, आत स्प्रिंगा दिसतील, बहुतेक तीन. दांडी तुम्हाला लागतच नसेल तर स्प्रिंगा ज्याला अडकवल्यात त्या पंजाचे दोन्ही स्क्रू थोडे-थोडे आवळा, ब्रिज बॉडीला चिकटून बसेपर्यंत, लागलं तर आणखी दोन स्प्रिंगा घाला. मग दांडी फक्त खाली जाईल पण सूर टिकेल.

सेटअप याच क्रमानं: नवीन तारा ९-४२ (म्हणजे बारीक तारांचा सेट), मग ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई), मग ब्रिजची उंची, मग नट, आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरचा सूर जुळवणं) सगळ्यात शेवटी. ट्रस रॉडसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि सातव्या-आठव्यापाशी तार आणि फ्रेटमध्ये व्हिजिटिंग कार्डाएवढी फट, साधारण पाव मिलिमीटर. ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच, उजवीकडे पिळला की मान सरळ होते. जोर लावायचा नाही, अडला तर सोडून द्या. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर. नटच्या खाचा घरी घासू नका, जास्त घासली तर नटच बदलावा लागतो. सदरकडे एक काका करून देतात, नाव इथे नाही टाकत, मेसेज केलाय.

आणि ती कूलरसमोरून हलवा राजेहो! दिवसा ४५ अंशांत कोरडी भट्टी आणि रात्री धुकं, लाकडानं करायचं काय. आतल्या खोलीत, कपाटात, बॅगेत, कुठेही, फक्त खिडकीसमोर नाही.

बर्डीचा_बेसूर

दहा दिवसांनी लिहून राहिलो, उशिराबद्दल माफी, मध्ये साळ्याचं लग्न होतं.

झिणझिण्या येत नाहीत, तरी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. बेडरूमचं अर्थिंग चांगलं निघालं, हॉलच्या बोर्डाला मात्र अर्थच नव्हती! ताईंनी लिहिलं नसतं तर मी पिकअपच घेत बसलो असतो. आता जोडून घेतली. रेग्युलेटर बंद केला की उरलेल्या घूंमधली वरची किरकिर पण जाते, म्हणून सध्या पंख्याशिवाय वाजवतो, मे महिन्यात, नागपुरात. हौसेला मोल नसते.

काकांनी नटच्या खाचा उतरवल्या, ब्रिज टेकवला, इंटोनेशन केलं, तारांसकट बाराशे घेतले. त्यांनी खाच घासताना मला बाजूला बसवून दाखवलं, दोनदा कानस फिरवायची आणि परत तार चढवून पाहायची, एका जीच्या तारेवरच दहा मिनिटं गेली. घरी येऊन एफ धरला आणि तो एफ वाजला. पोरगी म्हणे "बाबा, मोबाइल लावला का?"

आता पिकअप नको वाटून राहिले. आठ हजार बाजूला टाकलेत, दिवाळीत ११२व्हीसाठी भर पडेल. हमबकर पण आहे तिच्यात आणि तो अर्धा करता येतो, म्हणजे त्याचं एकच वेटोळं वाजवता येते म्हणतात.

शेवटचा प्रश्न. फ्रेटची टोकं अजून टोचतात. काकांनी विचारलं आत्ता घासू का पावसाळ्यात आणता, मी म्हटलं विचारून सांगतो. पावसाळ्यात लाकूड फुगून आपोआप बरं होईल का?

लाकडीबुवा

होईल, आणि पुढच्या एप्रिलमध्ये परत टोचेल. लाकूड आत्ता सगळ्यात जास्त आकसलेलं आहे, धातूचे फ्रेट आकसत नाहीत म्हणून टोकं बाहेर येतात, म्हणून घासायचं ते आत्ताच. पावसाळ्यात घासून घेतलं तर पुढच्या उन्हाळ्यात टोकं परत बाहेर येतात. फिंगरबोर्डच्या कडेला मास्किंग टेप लावून बारीक कानस, तिरपी धरून, हलक्या हातानं. काकांकडेच न्या, उद्याच.

बर्डीचा_बेसूर

उद्या रविवार आहे, सोमवारी नेतो. धन्यवाद बुवा, धन्यवाद ताई. तर्रीभाऊ, पोहे माझ्याकडून.