निखाऱ्यावरचा बांगडा: गूळ आधी की शेवटी?

खाडीकाठ: काल इथे कुणीतरी लिहिलंय, 'ताज्या बांगड्याला बर्फ नको. गूळ-मिरची-आगळ चोळून दोन तास मुरवा, मग थेट निखाऱ्यावर.' (आगळ म्हणजे कोकमाचा आंबट रस.) असं केलं की वरून कोळसा होतो आणि काट्यापाशी मासा कच्चा राहतो. गूळ मासा शिजण्याआधीच करपतो. आधी फक्त हळद, मीठ, तेल. पाव किलोचा बांगडा असेल तर दोन्ही बाजूंना काट्यापर्यंत तीन-तीन चिरा, एकेका बाजूला चार-पाच मिनिटं. लेप शेवटच्या दोन मिनिटांत, दोन हात. 50 ग्रॅम गूळ, दोन मोठे चमचे आगळ, चमचाभर बेडगी तिखट, चार पाकळ्या लसूण ठेचून. चमच्याला धरेपर्यंतच आटवा. जास्त आटला की गार होताना चिक्कीसारखा कडक होतो.

चुलीपाशी: ती पोस्ट माझीच. वरून माखलेल्या गुळाची चव आत कशी उतरणार? निखारे तुम्ही भडक ठेवता आणि दोष गुळाला देता. राख धरू द्या, जाळी वीतभर उंच ठेवा.

खाडीकाठ: दोन तासांत आत उतरतं ते मीठ, गूळ वरच राहतो. शिवाय आगळाच्या आंबटाने मांस भुसभुशीत होतं आणि उलटताना निम्मा मासा जाळीला राहतो. आगळात मीठ असतंच, हेही पोस्टमध्ये नाही. वेगळं मीठ घातलं की लेप खारट.

बंदरावरून: गूळ राहू दे, त्या 'बर्फ नको'चं काय? बांगडा उन्हात राहिला की जिवाणू त्यात हिस्टामीन तयार करतात. ते भाजून जात नाही, वासावरून कळेलच असंही नाही. मग तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात आणि लोक ॲलर्जी समजतात.

चुलीपाशी: बर्फातला मासा पाणचट लागतो.

बंदरावरून: वितळलेल्या पाण्यात तरंगत ठेवला तर लागेलच. डब्याला खाली भोक हवं, बर्फाचा थर, माशाचा थर, वर पुन्हा बर्फ. आणि मेल्यावर ताठरलेला मासा तसाच आचेवर टाकला तर वाकतो, एक बाजू जाळीला टेकतच नाही. ताठरपणा बर्फात सुटू द्यावा.

चुलीपाशी: पिढ्यान्पिढ्या किनाऱ्यावर असाच भाजून खातात. त्यांना तुम्ही शिकवणार?

बंदरावरून: ते होडी लागली की भाजतात. तुम्ही बर्फाशिवाय आणलेला मासा वर दोन तास मुरवायला सांगताय. वाचून कुणी आजारी पडलं तर? ती ओळ काढा.

चुलीपाशी: काढतो. बर्फ मान्य. मुरवणं अर्धा तास, फ्रिजमध्ये. पण लसूण-मिरची आधीच लागणार, गूळ तेवढा शेवटी. आणि निखारा करवंट्यांचाच, कोळशाला तो वास नाही.

खाडीकाठ: गुळाचं एवढं मानलंत, पुरे. करवंट्या चालतील, पण ज्वाळा पूर्ण बसल्यावर. तो निखारा लवकर उतरतो, म्हणून शेजारी दुसरी खेप पेटती ठेवा. चरबी ठिबकून भडका उडाला तर जाळी बाजूला घ्या. पाणी मारू नका, राख उडून ओल्या लेपाला चिकटते.