वेल्डर की मशिनिस्ट? दमा असलेल्याने काय निवडावं?

शिकाऊ उमेदवारीसाठी ट्रेड ठरवायचा आहे. इलेक्ट्रिशियन आधीच बाद, लाल-हिरव्यात माझा घोळ होतो. उरले वेल्डर आणि मशिनिस्ट.

दोन्हीकडे चार-चार दिवस बसून आलो. वेल्डिंगमध्ये आधी रॉड सारखा चिकटायचा, लांब धरला की नुसते शिंतोडे. शेवटच्या दिवशी वीतभर सरळ बीड (वेल्डची रेघ) पडली. स्लॅग (वरचा कडक थर) ठोकून काढला तर खाली माशाच्या खवल्यांसारखी रांग! तेव्हापासून मन तिकडेच आहे. मशिनिस्टकडे लेथवर (धातू कातायचं मशीन) 0.02 मिमीपर्यंत मोजणारा व्हर्नियर वाचायला जमलं, पुढे सीएनसीची (संगणकावर चालणाऱ्या मशीनची) वाटही दिसते.

अडचण दम्याची. सौम्य आहे, पण इन्हेलर खिशात असतो. डॉक्टर म्हणतात, धूर कितपत बाहेर खेचला जातो त्यावर सगळं. उस्ताद म्हणतात मास्क लाव (त्यांचा खिळ्याला टांगलेला होता).

टिग वेल्डिंगला (टंगस्टनच्या टोकाने, गॅसच्या आवरणात करतात ते) स्टिकपेक्षा (मी केलं ते रॉडचं) धूर कमी, हे वाचलंय. 'डॉक्टरांना विचार' सोडून सांगा, ते झालंय. दमा असून या कामात असलेल्यांना विचारतो: शिकाऊला थेट टिगवर घेतात का, की आधी बराच काळ स्टिकच करावं लागतं? आणि मशीनवर कूलंटच्या (धातू कापताना थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) फवाऱ्याचा दम्याला त्रास होतो का?