मदत हवी आहे: एआर कार्डं फोनवर चालत नाहीत, शनिवारी कार्यक्रम आहे

डोंगरशाळा (बुधवार, रात्री ९:४०)
नमस्कार. चौथीच्या वर्गासाठी महाराष्ट्राच्या राज्य मानचिन्हांची सात कार्डं केली आहेत. शेकरू खार, हरियाल पक्षी, ताम्हण फूल, आंबा, ब्ल्यू मॉरमॉन फुलपाखरू, पांढरी चिप्पी कांदळवृक्ष, पापलेट. कार्डावर मोबाईल धरला की वर थ्रीडी चित्र उभं राहायला पाहिजे. घरी चाललं, शाळेत नेलं तर काहीच नाही. स्कॅनच होत नाही. शनिवारी केंद्राची शिक्षण परिषद आमच्याच शाळेत आहे आणि केंद्रप्रमुखांना मी आधीच सांगून बसले आहे. कार्डं लॅमिनेट करून झाली आहेत, त्यामुळे "नवीन छापा" असं कृपया कुणी सांगू नका. माहीत असेल त्यांनी लवकर सांगा.

सहज_आलो
क्यूआरच्या भोवती चारही बाजूंनी चार-चार खणांएवढी पांढरी जागा मोकळी सोडावी लागते. डिझायनर मंडळी ती हमखास खाऊन टाकतात. दुसरं म्हणजे गडद रंगावर सोनेरी क्यूआर छापला असेल तर निम्मे फोन तो वाचतच नाहीत. आमच्या घरच्या लग्नपत्रिकेत हेच झालं, मरून रंगावर सोनेरी फॉइल. शेवटी प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर लिंक पाठवत बसलो.

बिनतारी
"काहीच नाही" म्हणजे नक्की काय? कॅमेऱ्याचं चित्र दिसतं पण प्राणी येत नाही, की कॅमेराच उघडत नाही? ॲप कुठलं? फोन कुठला? या दोन्ही आजारांची औषधं वेगळी आहेत.

खिळाछाप
माझा छपाईचा धंदा आहे म्हणून सांगतो, हा लॅमिनेशनचा दोष. शाळेत ते गरम करून चिकटवायचं चकचकीत पाऊच वापरतात ना? वर ट्यूबलाइट असली की कार्डावर पांढरा पट्टा उठतो आणि त्याखालचं चित्र कॅमेऱ्याच्या दृष्टीने गायब. एआरच्या कामाला ३०० जीएसएमचा आर्ट कार्ड आणि मॅट लॅमिनेशन. आधी विचारलं असतंत तर बरं झालं असतं.

डोंगरशाळा
कार्डावर क्यूआर नाहीये. ॲप पण नाही, क्रोममध्ये उघडतं. माइंडएआर (ब्राउझरमध्ये चित्र ओळखून त्यावर थ्रीडी दाखवणारी लायब्ररी) वापरलं आहे, यूट्यूबवर बघून. टॅब लोकसहभागातून मिळालेले चार, साधे अँड्रॉइड. शाळेत पांढरं पान येतं, पुढे काही नाही. आत्ता परत घरी लावून पाहिलं तर टॅबवर इंग्रजीत येतंय की तुमचं डिव्हाइस किंवा ब्राउझर कंपॅटिबल नाही. नवीन टॅब घ्यावे लागतील का? ते होणं शक्य नाही.

आयटीतला_बंड्या
सर, एवढा उपद्व्याप कशाला? गुगलवर वाघ शोधा, "थ्रीडीमध्ये पाहा" असं बटण आलं तर दाबा. २०१९ मध्ये गुगलने ते आणलं. वर्गात वाघ उभा. कार्डं नकोत, कोडिंग नको.

पानगळ
सर नाहीत, "सांगून बसले" लिहिलंय त्यांनी. आणि राज्यप्राणी शेकरू आहे, वाघ नाही.

बिनतारी
बंड्या, त्याला एआरकोर (गुगलची एआर प्रणाली) चालणारा फोन लागतो आणि त्यात कार्डाचा संबंधच नाही. लोकसहभागातल्या टॅबवर तो वाघ येईल याची खात्री तू देतोस का?
ताई, घरी "चाललं" ते कशावर चाललं? लॅपटॉपवर? आणि टॅबवर जो पत्ता टाकता तो कशाने सुरू होतो तेवढं सांगा.

डोंगरशाळा
हो, घरी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चाललं. फाइल्स लॅपटॉपवरच आहेत. पायथनची ती एक ओळ टाकून सर्व्हर चालू करते आणि टॅबवर १९२.१६८ वाला पत्ता टाकते. लॅपटॉप आणि टॅब माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर असतात.

बिनतारी
मिळाला चोर. टॅब ठीक आहेत, तो संदेश दिशाभूल करणारा आहे.
ब्राउझर कॅमेरा कुणालाही देत नाही. पान एचटीटीपीएसवरून, म्हणजे सुरक्षित जोडणीवरून, आलं असेल तरच देतो. लॅपटॉप स्वतःचंच पान लोकलहोस्ट (म्हणजे स्वतःच्याच मशीनवरचं) म्हणून उघडतो, त्याला सूट आहे, म्हणून तिथे चाललं. तेच पान टॅबने १९२.१६८ वरून साध्या एचटीटीपीने मागितलं की क्रोमच्या लेखी ते असुरक्षित. तो परवानगीही विचारत नाही, कॅमेरा नावाची वस्तू अस्तित्वातच नाही असं पानाला सांगतो. मग पान बिचारं म्हणतं डिव्हाइस कंपॅटिबल नाही.
इलाज सोपा. गिटहब पेजेसवर (वेबपानं ठेवायची साइट) फुकट खातं काढा, सगळ्या फाइल्स तिथे चढवा, एचटीटीपीएस आपोआप मिळतं.

डोंगरशाळा
शाळेत रेंज नाही.

बिनतारी
हे आधी सांगायला हवं होतं ना!

डोंगरशाळा
आंबेगाव तालुक्यात डोंगराच्या कुशीतली शाळा आहे, रेंज नसते हे काय वेगळं सांगायचं. बीएसएनएलची दांडी टेकडीवर गेलं तर येते.

खिळाछाप
मी अजूनही म्हणतो, लॅमिनेशन.

आयटीतला_बंड्या
आता ऐका. क्रोमचं फ्लॅग्जचं (प्रायोगिक सेटिंगचं) पान उघडा, त्यात "इनसिक्युअर ओरिजिन्स ट्रीटेड ॲज सिक्युअर" नावाची नोंद शोधा. चौकटीत लॅपटॉपचा पूर्ण पत्ता टाका, सुरुवातीच्या एचटीटीपीपासून शेवटच्या पोर्टच्या आकड्यापर्यंत. एनेबल करा, क्रोम पुन्हा सुरू करा. टॅब कॅमेऱ्याची परवानगी विचारेल. इंटरनेट लागत नाही.

बिनतारी
हा जुगाड आहे. सुरक्षेची कडी काढून ठेवायची आणि विसरून जायचं.

आयटीतला_बंड्या
शाळेच्या चार टॅबवर एकाच खासगी पत्त्यापुरती कडी काढली तर कोण दरोडा घालणार आहे? शनिवारी संध्याकाळी परत लावा. तुझं गिटहब टेकडीवर चढून उघडायचं का?

तारजुळारी
दोघांचंही नको. टॅब यूएसबीने लॅपटॉपला जोडा, डेव्हलपर पर्याय चालू करा, एडीबी रिव्हर्स करा (टॅबची मागणी वायरीने लॅपटॉपकडे वळवणारी आज्ञा). मग टॅबवरही लोकलहोस्टच दिसतं आणि कॅमेरा बिनबोभाट उघडतो. मी कामावर रोज हेच करतो.

आयटीतला_बंड्या
चार टॅब चार वायरींनी लॅपटॉपला बांधून पोरांना म्हणायचं, घ्या, कार्डावर फिरवा?

बिनतारी
बरं, रेंज नसेल तर बंड्याचा मार्ग, मान्य. पण दोन गोष्टी बघा. हॉटस्पॉट बंद करून परत चालू केला की लॅपटॉपचा पत्ता बदलू शकतो, मग फ्लॅगमधलाही बदलावा लागेल. आणि शाळेत पांढरं पान येतं त्याचं कारण अजून बाकी आहे. तुमच्या पानात अगदी वरती ए-फ्रेम (थ्रीडी दाखवणारी लायब्ररी) आणि माइंडएआरच्या ज्या ओळी आहेत त्या बाहेरच्या वेबसाइटवरून येतात ना? रेंज नाही म्हणजे त्या फाइल्सच येणार नाहीत. घरी असतानाच डाउनलोड करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि पानात तिथला रस्ता द्या. मग फोनचा मोबाईल डेटा बंद करून, फक्त हॉटस्पॉटवर, एकदा घरीच तपासा.

गप्पिष्ट_काकू (गुरुवार, सकाळी ७:१५)
वाचूनच दमले. पण सात कार्डांची कल्पना फार छान हो ताई. पापलेट राज्य मासा कधी झाला?

पानगळ
२०२३ मध्ये, सिल्व्हर पापलेट. बोटभर लांबीची पिल्लंच जाळ्यात ओढली जातात, मोठा व्हायला मासा उरेना, म्हणून त्याच्याकडे लक्ष वेधायचं हाही हेतू होता. पांढरी चिप्पी २०२० मध्ये, राज्य कांदळवृक्ष. ब्ल्यू मॉरमॉन २०१५ मध्ये.

गप्पिष्ट_काकू
मोठं पापलेट तसंही आता बघायलाच मिळतं, घ्यायला नाही.

डोंगरशाळा (गुरुवार, संध्याकाळी ६:०५)
कॅमेरा उघडला! चारही टॅबवर. फाइल्स फोल्डरमध्ये घेतल्या, नेट बंद करून पाहिलं, पान येतं. बंड्यासाहेब आणि बिनतारी, दोघांचे आभार.
पण आता वेगळंच. शेकरूच्या कार्डावर काहीच येत नाही. हरियालच्या कार्डावर शेकरू येतं, ताम्हणावर हरियाल बसतो. आंब्यावर ताम्हण. पापलेट कुठेच नाही.

खिळाछाप
सगळ्या कार्डांना एकच किनार आहे का? वारली नक्षी वगैरे? मग गोंधळ होणारच. कॅमेरा किनार ओळखतो आणि कुठलंही कार्ड समजतो. आणि प्रिंटरचा रंग उतरला असेल तर त्यात भर.

बिनतारी
रंगाचा मुद्दा चूक. ही ओळख काळ्या-पांढऱ्या छटांवर चालते, उजेड-अंधाराचे कोपरे शोधले जातात. हिरवा थोडा पोपटी आला म्हणून काही अडत नाही, फिका पडला तर अडतं. किनारीचं म्हणणं मात्र बरोबर आहे, सगळ्यांना सारखी नक्षी म्हणजे सगळ्यांना सारख्याच खुणा.
तरी एक सांगा ताई, हे घोळ दर वेळी असेच होतात की बदलतात? हरियालच्या कार्डावर कधी शेकरू, कधी आंबा, असं होतं का?

डोंगरशाळा
नाही, दर वेळी अगदी हेच. किनार आहे, वारलीच आहे, पोरांनी काढलेली. घरी पहिल्यांदा फक्त शेकरूचं एकच कार्ड करून पाहिलं होतं, तेव्हा बरोबर आलं होतं. बाकीची नंतर वाढवली आणि ओळीने १ ते ७ नंबर दिले.

बिनतारी
मग किनार निर्दोष. किनारीमुळे गोंधळ झाला असता तर प्राणी लपंडाव खेळले असते. इथे सगळे शिस्तीत एकेक घर पुढे सरकलेत, कारण टार्गेट इंडेक्सची, म्हणजे कार्डांच्या नंबरांची, मोजणी शून्यापासून होते. ज्या क्रमाने सात चित्रं माइंडएआरच्या कंपाइलरमध्ये (चित्रांतल्या खुणा टिपणारं साधन) चढवलीत तोच क्रम. पहिलं चित्र ०, सातवं ६. ७ नंबरचं कार्डच नाही, म्हणून पापलेट पाण्याबाहेर येत नाही.

तारजुळारी
सॉफ्टवेअरवाल्यांनी जगाला शून्यापासून मोजायला लावलंय, हा मुळात वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

डोंगरशाळा (गुरुवार, रात्री ८:३०)
झालं! सगळे आपापल्या जागी. ताम्हणाचं कार्ड तेवढं खूप जवळ नेल्याशिवाय पकडत नाही. आणि आंब्याचं झाड आलं की एक टॅब अडकून क्रोम बंद होतो.

बिनतारी
ताम्हणाच्या फोटोत मागचं सगळं धूसर आहे का? फुलाच्या पाकळ्याही मऊ, टोकदार काही नाही, मग पकडायला खुणाच कमी. कंपाइल केल्यावर चित्रावर ठिपके दिसतात, ते मोजून बघा. पुन्हा छापायचं नसेल तर पोरांना सांगा, कार्ड पडदाभर येईल इतकं जवळ धरा.
आंब्याची फाइल केवढी आहे?

डोंगरशाळा
४८ एमबी.

बिनतारी
पानापानाला वेगळी जाळी असणार. ब्लेंडरमध्ये (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) उघडून डेसिमेट लावा, म्हणजे जाळी विरळ होईल, चित्रं १०२४ पिक्सेलवर आणा. पाच एमबीच्या आत बसवा. टॅबवर कुणी पानं मोजत नाही.

खिळाछाप
आणि ट्यूबलाइटखाली टेबल ठेवू नका. खिडकीशी, सावलीत. हे तरी ऐका.

डोंगरशाळा
ऐकलं. खरंच आज टेबल सरकवल्यावर दोन कार्डं पटकन आली.

खिळाछाप
मी पहिल्याच दिवशी सांगत होतो.

पानगळ
एक विचारू? शेकरूचं मॉडेल कुठून घेतलंत? फुकट मिळणारी बहुतेक खारीची मॉडेलं अमेरिकेतल्या करड्या खारीची असतात.

डोंगरशाळा
हो, तेच झालंय. एका साइटवरून "स्क्विरल" शोधून घेतलं. पोरं लगेच म्हणाली, "बाई, हे शेकरू नाय." आमच्याकडची पोरं भीमाशंकरच्या जंगलाच्या कडेची, त्यांनी घरामागे बघितलेलं असतं. परिषदेला येणाऱ्या शिक्षकांना कदाचित कळणार नाही, पण पोरांना कळलंय म्हटल्यावर मला ते ठेवायचं नाही.

सहज_आलो
मग खरं शेकरूच दाखवा की पाहुण्यांना, मोबाईल कशाला?

पानगळ
ते वेळापत्रक बघून झाडावरून उतरत नाही हो. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये त्याच्यासाठीच झालं, तरी तिथे जाऊनही तास-तासभर मान वर करून उभं राहावं लागतं.
ताई, फरक मोठा आहे. पाठ तांबूस-तपकिरी, पोट फिकं, आणि शेपूट अंगापेक्षा लांब. करड्या खारीला नुसता रंग देऊन भागणार नाही, अंगाचा बांधाच वेगळा. दोन दिवसांत मॉडेल होत नसेल तर विकिमीडिया कॉमन्सवर शेकरूचे चांगले फोटो आहेत. मागचं कापून पारदर्शक चित्र करा आणि तेच कार्डावर उभं करा. परवाना वाचा आणि फोटो काढणाऱ्याचं नाव कोपऱ्यात द्या. सपाट दिसेल, पण शेकरू दिसेल.

आयटीतला_बंड्या
थ्रीडीच्या कार्यक्रमात सपाट फोटो? बाकी सहा गोल फिरणार आणि राज्यप्राणीच पुठ्ठ्याचा?

पानगळ
चुकीचा प्राणी गोल फिरवण्यापेक्षा बरोबर प्राणी सपाट बरा.

डोंगरशाळा (शुक्रवार, रात्री ९:१०)
फोटोच लावला. शेपटीमागची फांदी कापताना नाकी नऊ आले, पण पोरांनी पास केलं. आंबा चार एमबीवर आला, टॅब अडकत नाही. आता एकच, विस्तार अधिकारी मॅडमकडे आयफोन आहे आणि त्या स्वतःच्याच फोनवर बघायला मागतील. तो फ्लॅग आयफोनवर कुठे असतो?

बिनतारी
नसतो. आयफोनला एचटीटीपीएसच लागेल, म्हणजे रेंज. मॅडमच्या हातात चांगल्यातला टॅब आधीच देऊन ठेवा. आणि लॅपटॉप झोपणार नाही अशी सेटिंग करा, तो झोपला की सर्व्हर गेला. हॉटस्पॉटवाला फोन चार्जरला लावून कुणाच्या तरी ताब्यात ठेवा, मध्येच फोन आला म्हणून कुणी तो घेऊन बाहेर जायला नको.

डोंगरशाळा
सेविकाताईंच्या ताब्यात देते. त्यांच्याकडून कुणी नेऊ शकत नाही.

बालवाडी_सोलापूर
नमस्कार, नवीन सदस्य आहे. आमच्याकडे बाजारातून आणलेली प्राण्यांची एआर कार्डं आहेत, जुनी. आधी चालायची. नवीन फोनवर ॲपच इन्स्टॉल होत नाही. याच्यावर पण तुमचा फ्लॅग चालेल का?

बिनतारी
नाही, ते वेगळं दुखणं. अँड्रॉइड १४ पासून, अँड्रॉइड ६ च्या आधीच्या हिशोबाने बनवलेली ॲप्स फोन घेतच नाही. शिवाय जुनी ॲप्स फक्त ३२ बिटची असतात, काही नव्या फोनमध्ये तीही चालत नाहीत. कार्डं टाकू नका, चित्रं स्पष्ट असतील तर तीच कार्डं माइंडएआरमध्ये टार्गेट म्हणून वापरता येतील. वेगळा धागा काढा, आणि कृपया पहिल्याच पोस्टमध्ये फोनचं नाव, अँड्रॉइडचा आकडा आणि रेंज आहे की नाही ते लिहा.