चेनला ढील, सैल की झोल?

रविवारी ऊन चढायच्या आत गाडी डबल स्टँडवर घेतली. रॉकेलने चेन पुसली, नव्वद नंबरचं ऑइल सोडलं आणि ताण बघायला पुस्तिका उघडली. मराठी पानावर लिहिलंय, ‘साखळीची शिथिलता २० ते ३० मिमी’. शिथिलता निर्बंधांत येते, चेनला कुठली? तेवढ्यात शेजारी डोकावला, “काय करलालाव बे?” शिथिलता मोजतोय, असं सोलापुरात सांगायची सोय नाही. गॅरेजवाले ‘प्ले’ म्हणतात. आपला शब्द कोणता?

— ढिली चेन. सगळे हेच म्हणतात.

— ढिला हा दोष झाला. नट ढिला, कारभार ढिला. ऐकलं की हात पान्याकडे जातो. इथे तर मुद्दाम ठेवायचंय.

— मग ढील म्हणा, पतंगाला देतो ती.

— ढील हातातून सुटत जाते. चेनची लांबी आहे तेवढीच राहते. गंमत म्हणजे सैल आणि ढिला दोन्ही मूळ ‘शिथिल’मधूनच आले. म्हणजे पुस्तिकावाला चुकला नाही, घरातल्या थोरल्याला गॅरेजात कामाला लावलं इतकंच.

— आमचे वडील सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. ताणा (मागावरचे उभे धागे) सैल पडला, पट्टा सैल पडला, असंच बोलायचे. झोल म्हणायचे ते फक्त चादरी वाळत घातलेल्या दोरीला. मला वाटतं फरक तिथेच आहे. दोन टोकं पक्की आणि मधे लोंबतं तो झोल. दोरी, विजेची तार, जुनी बाज. चेनलाही दोन स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाकं, आहेतच की. शिवाय सैलपणा मोजत नाहीत, झोल बोटांनी मोजतात.

— पण ‘चेनमध्ये झोल आहे’ म्हटलं तर लोक सोनाराकडे संशयाने बघतील!

— ‘मध्ये’ लावलं तर. ‘व्यवहारात झोल’ ही फसवणूक, ‘दोरीला झोल’ हे लोंबणं. प्रत्यय बदलला की अर्थ बदलतो. चेन‘ला’ झोल म्हणा, सोनार सुटला.

— पटलं. मग चाक हाताने फिरवून चेन जिथे सगळ्यात ताठ लागली, तिथे खालच्या बाजूला मध्यावर दीड बोट झोल ठेवला. मागच्या चाकाच्या आसाच्या दोन्हीकडच्या खुणा सारख्या केल्या. शेजारी म्हणत होता, गच्च ताण. पण मागे माणूस बसला की चेन आणखी ताणली जाते. झोलच नसेल तर भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो.

आता दुसरी शंका. आसाचा नट ज्याने आवळला तो पाना की पान्हा? गल्लीतल्या हार्डवेअरच्या पाटीवर ‘सर्व प्रकारचे पान्हे मिळतील’ असं आहे. तिथून जाताना मला दर वेळी गाय आठवते.