आजीची उधारीची वही

रविवारी आजीचं वर्षश्राद्ध आहे, गावी, पाटणला. त्यासाठी काल रात्री घरच्या ग्रुपवर जे बोलणं झालं ते इथं ठेवतेय. नावांच्या जागी नाती घातलीत; आबा म्हणजे आमचे आजोबा. आत्या टाइप करत नाही, तिला चष्मा शोधायचा कंटाळा. तिच्या व्हॉइस नोटा मी ऐकून उतरवल्यात. वहिनीचे अंगठे आणि काकांची सुप्रभातची चित्रं गाळलीत.

पिंट्या: पत्रकाचा मजकूर टाकतोय. उद्या अकरापर्यंत चुका सांगा, मग छापायला देणार. दोनशे प्रती.

पिंट्या: "कै. मातोश्रींनी लालबाग येथे गिरणी कामगारांसाठी अनेक वर्षे खाणावळ चालवली. १९८२ च्या संपात सर्व कामगारांची उधारी माफ करून उधारीची वही स्वहस्ते चुलीत टाकली. अशा त्या अन्नपूर्णेस विनम्र अभिवादन."

ताई: चुलीत? लालबागच्या खोलीत चूल कुठली? स्टो होता. आजी त्याला पिन मारता मारता शिव्या द्यायची.

पिंट्या: पप्पांनी लिहून दिलंय. मी फक्त टाइप केलं.

थोरले काका: चूल हे अलंकारिक आहे. स्टोमध्ये टाकली असं लिहिणार का? वाचायला बरं वाटत नाही.

मी: काका, अडचण चुलीची नाही. आज आजीची पत्र्याची ट्रंक उपसली. गोधडीच्या खाली हे होतं.

*(फोटो. लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही, कोपरे कुरतडलेले, सुतळीनं बांधलेली.)*

मी: वही जळलेली नाही. व्यवस्थित आहे. रॉकेलचा वास मात्र अजून येतोय.

बाळादादा (मस्कत): अरे देवा 😀

थोरले काका: ती दुसरी कुठली तरी असेल. रेशनची वगैरे.

मी: आतलं पान बघा.

*(फोटो. डाव्या कडेला एकाखाली एक चित्रं: कंदील, फणी, वांगं, पिळदार मिशी, विड्याचं पान. प्रत्येकासमोर उभ्या रेघा, मधेमधे गोळे.)*

ताई: हे काय आहे? आजीला चित्रं काढता यायची?

आत्या (व्हॉइस नोट): अगं बाई. कुठं मिळाली गं? आईला अक्षर येत नव्हतं ना. मग प्रत्येक मेंबराची खूण. कंदील म्हणजे कायम रात्रपाळीवाला. फणी म्हणजे साचेखात्यातला, मागाला फणी असते ती. वांगं म्हणजे वांगं न खाणारा, त्याला वांग्याच्या दिवशी पिठलं करून घालायची आणि घालताना बोलायची सुद्धा. उभी रेघ म्हणजे जेवला. गोळा म्हणजे खाडा. खाड्याचे पैसे कापायची, पण आधी सांगितलं असेल तरच. न सांगता खाडा केला तर ती रेघच. खाली बेरजेचे आकडे आहेत ते माझे. मी पाचवीत होते.

बाळादादा (मस्कत): एकूण किती मेंबर होते आत्या?

आत्या (व्हॉइस नोट): पंधरा-सोळा. खोली दहा बाय बाराची, त्यात आपण पाच जणं. पंगत दोन दोन वेळा बसायची. दुसरी पाळी मध्यरात्री सुटायची, ती माणसं साडेबाराला जेवायला. मी आणि नाना मोरीपाशी झोपायचो, आमच्या अंगावरून ताटं जायची. एकदा नानाच्या कानात कालवण सांडलं.

बाबा: हो.

*(आमच्या बाबांचा ग्रुपवरचा हा महिन्यातला पहिला शब्द. त्यांनाच सगळे नाना म्हणतात.)*

थोरले काका: हे सगळं ठीक आहे. पण माफ केली ही गोष्ट खरीच आहे. आबांनी मला स्वतः सांगितली आहे. मी तेव्हा गावी शाळेत होतो. पुढं आबा गावी आले तेव्हा ओट्यावर बसून सांगितलं, तुझ्या आईनं वही जाळली.

ताई: काका, संप नक्की कधी सुरू झाला? मुलीला सांगायचंय, ती विचारतेय.

थोरले काका: १८ जानेवारी १९८२. अडीच लाख कामगार. पुढारी डॉक्टर दत्ता सामंत. आणि तो संप मागे घेतला असं कुणी कधी अधिकृतपणे सांगितलंच नाही. नुसता विरला.

आत्या (व्हॉइस नोट): पहिला महिना सगळे जेवले. पंधरा दिवसांत मिटेल म्हणायचे. दुसऱ्या महिन्यात अर्धे. मग एकेक वळकटी बांधून गावाला. जाताना म्हणायचे, वहिनी, गिरणी चालू झाली की पहिल्या पगाराला देतो. आई म्हणायची, दे. आणि रेघा मारलेलं पान दाखवायची, माणसाला बोट ठेवून मोजायला लावायची. मग जाऊ द्यायची.

मी: पण आत्या, काही खुणांवर फुली आहे. मिशीवर आहे, पानावर आहे, फणीवर आहे. कंदिलावर नाही. ते काय?

आत्या (व्हॉइस नोट): फुली म्हणजे वसूल.

थोरले काका: म्हणजे?

आत्या (व्हॉइस नोट): दादा, तुला राग येईल, पण ऐक. आईनं काही माफबिफ केलं नाही. ८३ च्या मे महिन्यात मला घेऊन एसटीनं गावोगाव फिरली. पाटण, ढेबेवाडी, मग खाली कराडकडं. तुला वाटलं आम्ही देवाला निघालो. वही पिशवीत, वर नारळ. रोख कुणाकडं नव्हतं, मग जोंधळं घे, घेवडा घे, कुणी शेंगा दिल्या. मिशीवाल्यानं कोंबडी दिली, ती एसटीत माझ्या मांडीवर. कंडक्टरनं तिचं तिकीट मागितलं तर आईनं त्याच्याशी उंब्रजपर्यंत भांडण केलं.

बाळादादा (मस्कत): 😂😂 कोंबडीचं तिकीट

थोरले काका: हे असं चारचौघांत सांगायची गरज आहे का? माणसं वर्षश्राद्धाला येणार. आई दारोदार वसुलीला हिंडली असं छापायचं?

ताई: काका, त्यात वाईट काय? घाम गाळून भाकऱ्या थापल्या होत्या तिनं. मालकांना कोण विचारतं वसुली का केली म्हणून?

वहिनी: मला तर कोंबडीची गोष्ट जास्त आवडली.

थोरले काका: तुम्हा मुलींना काही कळत नाही.

*(काकांनी एक मेसेज पाठवला आणि पुसला. दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग आत्याची साडेतीन मिनिटांची नोट आली.)*

आत्या (व्हॉइस नोट): दादा, तिच्या डोक्यावर काय होतं ते तुला ठाऊक नाही. वाण्याचं किराणा उधारीवर, आणि त्याच्या आधी तर मंगळसूत्र सावकाराकडं. १९७५ ला प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, खाणावळवाल्या बायकांना बँकेतून कर्ज मिळवून दिलं, चार टक्क्यांनी. आईनं तिथं अंगठा उठवला आणि मंगळसूत्र सोडवून आणलं. तेव्हा ती पहिल्यांदा बँकेत गेली, चप्पल बाहेर काढून. शिपाई हसला. संपात ते हप्ते कुणी माफ केले होते का? ती म्हणायची, मी बुडवलं तर पुढच्या बाईला बँक दारात उभं करणार नाही. मग तिनं कुणाकडून आणायचे?

कंदिलाचं विचारलंस ना गं तू? त्याच्या घरी पण गेलो. ढेबेवाडीच्या वरच्या अंगाला वस्ती. तीनशे बारा रुपये होते, बेरीज मीच केलेली म्हणून लक्षात आहे. आत गेलो तर तो माणूस खाटेवर, खोकत. बायको दुसऱ्याच्या रानात. पोरगी होती माझ्याएवढी, तिनं चहा केला. आईनं चहा प्यायला, वही काढलीच नाही. म्हणाली, देवाला आलेलो, म्हटलं भेटून जावं. नारळ होता तो तिथं ठेवला, नाहीतर खोटं उघडं पडलं असतं. आणि बाहेर आल्यावर एसटी थांब्यापर्यंत नुसता तोंडाचा पट्टा. "तीनशे बारा रुपयं! आन च्या बी गुळाचा! आन माझा नारळ बी ग्येला!" पोटभर शिव्या दिल्या त्याला. घरी येऊन मी विचारलं, फुली मारू का? म्हणाली, "मारू नगंस. दिल्यालं न्हाईत त्यानं."

ताई: चाळीस वर्षं ठेवली वही. कंदिलासाठी?

आत्या (व्हॉइस नोट): काय माहीत. आई काहीच टाकायची नाही. डालड्याचे डबे पण आहेत बघ माळ्यावर.

मी: शेवटचं पान राहिलं. तिथं एकच खूण आहे. गांधी टोपी. पान भरून रेघा, खाडा एकही नाही. बेरीज आत्याच्या अक्षरात नाही, आजीच्या हातचे वाकडे आकडे आहेत. आणि वर मोठी फुली. टोपीवाला मेंबर कोण होता?

*(आत्या ऑनलाइन दिसत होती. नोट रेकॉर्ड होत होती, थांबत होती, परत सुरू होत होती.)*

आत्या (व्हॉइस नोट): टोपी म्हणजे आबा.

पिंट्या: काय???

आत्या (व्हॉइस नोट): गावाहून परत आले ना ते, ८३ च्या पावसाळ्यात. गिरणी सुरू नाही. नुसते गेटवर जाऊन बसायचे, सभेला जायचे, घरी येऊन जेवायचे, आणि जेवताना कालवणाला नावं ठेवायचे. एक दिवस आईनं वही उघडली आणि टोपी काढली. त्यांच्यासमोर. म्हणाली, मेंबर आहात तर मेंबरासारखे जेवा. आबा ताटावरून उठले. संध्याकाळी परत येऊन बसले, जाणार कुठं? रोज रेघ. मी घाबरून बघायचे. पुढं दादरला एका इमारतीत वॉचमन लागले. पहिला पगार आणून तिच्या हातात दिला. तिनं मोजला, हिशेबाचे काढून घेतले, उरलेले परत दिले, आणि फुली मारली. मग त्यांना सुकटीचं कालवण वाढलं, दोनदा.

बाळादादा (मस्कत): आपल्या आबांचं खातं??

वहिनी: मी उद्यापासून वही घालणार आहे.

बाळादादा (मस्कत): 🙏 माफी

बाबा: म्हणून आबा सांगायचे वही जाळली.

*(यावर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. बाबांनी एका दिवसात दोन मेसेज केले होते.)*

थोरले काका: आबांनी मला हे कधीच सांगितलं नाही.

आत्या (व्हॉइस नोट): सांगतील का दादा? तू त्यांचा थोरला.

पिंट्या: पप्पा, मग मजकूर काय करू?

थोरले काका: थांब.

थोरले काका: "लालबाग येथे गिरणी कामगारांसाठी खाणावळ चालवली. संपाच्या काळात घर व बँकेचे कर्ज दोन्ही निभावले." चुलीचं वाक्य काढ.

ताई: आणि वसुलीचं?

थोरले काका: कोंबडीवाला जिवंत आहे. रविवारी पहिल्या पंगतीला असणार आहे. त्याच्या हातात पत्रक देऊ का ते?

आत्या (व्हॉइस नोट): मिशी येणार आहे? अजून आहे का मिशी?

थोरले काका: आहे. पांढरी.

वहिनी: जेवणाचं फायनल करा आधी. आचारी विचारतोय. भरली वांगी, आमटी, भात, लापशी. चालेल?

बाळादादाची मुलगी: मला वांगं नको.

आत्या (व्हॉइस नोट): तिला पिठलं करा. मी करते. बोलणार पण आहे तिला.

मी: वही घेऊन येऊ ना गावी?

थोरले काका: आण. प्लास्टिकच्या पिशवीत घाल, घाटात पाऊस आहे. आणि आल्यावर माझ्याकडे दे, माळ्यावर ठेवू नका कुणी. उंदीर झालेत.