मदत हवी आहे: पोटॅशियम आणि तांबं, दोघांच्या शेवटच्या कवचात १ इलेक्ट्रॉन, मग गण वेगळे का?

दहावीतल्या भाचीला आवर्तसारणी शिकवतोय. एका गणातल्या मूलद्रव्यांच्या बाह्यतम कवचात सारखेच इलेक्ट्रॉन, म्हणून गुणधर्मही सारखे, इथपर्यंत गाडी सुरळीत होती. लिथियम २,१, सोडियम २,८,१, पोटॅशियम २,८,८,१. तिघंही मऊ धातू, तिघंही पाण्यातून हायड्रोजन बाहेर काढणारे. मग तिने तांब्याचं संरूपण शोधलं: २,८,१८,१. "मामा, इथेही १च आहे की!"

पोटॅशियम पाण्यात पडलं की जांभळट ज्योतीने पेटतं. तांब्याला पाण्याचं सोडाच, विरल हायड्रोक्लोरिक आम्लातूनही हायड्रोजन काढता येत नाही. "ते संक्रामक मूलद्रव्य आहे" असं सांगून मोकळं होता येईल, पण ते उत्तर नाही, नुसतं लेबल आहे. फरक येतो कुठून?

जाता जाता आणखी एक: बाह्यतम कवचात २ इलेक्ट्रॉन असूनही हेलियम दुसऱ्या गणात का नाही?

प्रतिसाद १:
हेलियमचं सोपं आहे. पहिल्या कवचात मावतातच २, म्हणजे कवच भरलं. मॅग्नेशियमचे २ इलेक्ट्रॉन निघून जाण्याच्या तयारीत असतात, हेलियमचे नाहीत. म्हणून तो निऑन-अरगॉनच्या डोक्यावर, १८व्या गणात. तांब्याचं जाणकार सांगतील.

प्रतिसाद २:
भाचीला शाबासकी द्या, कारण हा घोळ मेंडेलीव्हलाही चुकला नव्हता. त्याच्या १८७१ च्या सारणीत तांबं सोडियम-पोटॅशियमच्या पहिल्या गणात आहे, पण कंसात. आणि तेच आठव्या गणातही आहे!

शेवटचे इलेक्ट्रॉन मोजायचे, पण त्यांच्या आत काय आहे तेही बघायचं. लिथियमच्या आत हेलियमचं संरूपण, सोडियमच्या आत निऑनचं, पोटॅशियमच्या आत अरगॉनचं. तिघांच्या पोटात राजवायू. तांब्याच्या आत अरगॉन आणि वर ३डी उपकवचातले (म्हणजे तिसऱ्या कवचाच्या एका भागातले) १० इलेक्ट्रॉन. सगळी गंमत या दहांत आहे.

पोटॅशियमच्या केंद्रकात १९ प्रोटॉन, आतले इलेक्ट्रॉन १८. तांब्यात २९ प्रोटॉन, आतले २८. वजाबाकी दोन्हीकडे १च येते. पण डी उपकवचातले इलेक्ट्रॉन केंद्रकाचं आकर्षण नीट झाकू शकत नाहीत, त्यामुळे तांब्याच्या शेवटच्या इलेक्ट्रॉनवर ओढ बरीच जास्त. परिणाम आकड्यांत दिसतो: धातूतली अणुत्रिज्या पोटॅशियमची सुमारे २२७ पिकोमीटर, तांब्याची १२८. पहिला इलेक्ट्रॉन काढायला पोटॅशियमला ४१९ किलोज्यूल प्रति मोल पुरतात, तांब्याला ७४५ लागतात.

शिवाय धातूत तांब्याचे अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. पोटॅशियम ६३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, तांबं १०८५ ला. आयन होऊन पाण्यात उतरायचं तर आधी ती पकड सुटायला हवी.

आणि ते १० इलेक्ट्रॉन नुसते बसूनही राहत नाहीत. त्यांतला एक निघतो तेव्हा तांब्याची संयुजा २ होते. निळा मोरचूद त्याच अवस्थेतला. पोटॅशियम रासायनिक अभिक्रियेत दुसरा इलेक्ट्रॉन देतच नाही, कारण त्यासाठी अरगॉनचं संरूपण मोडावं लागेल.

तांब्याची खरी भावंडं चांदी आणि सोनं. निसर्गात तिघंही मुक्त स्वरूपात सापडतात, तिघंही विजेचे उत्तम वाहक.

धागाकर्ता:
आभार! "आत राजवायू आहे का बघ" हे तिला लगेच पटलं. आता विचारतेय, जस्त २,८,१८,२ आहे, मग त्याचीही संयुजा बदलते का?

प्रतिसाद २:
नाही. जस्ताचं भरलेलं ३डी उपकवच घट्ट बांधलेलं असतं, त्यातला इलेक्ट्रॉन अभिक्रियेत निघत नाही. म्हणून त्याची संयुजा जवळपास नेहमी २च, आणि त्या बाबतीत ते मॅग्नेशियमसारखं वागतं. पण गण १२वाच. आता ती लोखंडाबद्दल विचारेल, तयारीत राहा.